डबीत काय ठेवू, काय काढू? छोट्या सर्व्हायवल किटवर वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेले बहुतेक प्रश्न एकाच विषयावर आहेत, छोटं सर्व्हायवल किट. कारण उघड आहे, पाऊस सुरू झालाय, सगळ्यांना लोहगड, अंधारबन, कळसूबाई दिसायला लागलंय आणि ऑनलाइन सेलपण जोरात आहेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत. काहींनी नाव छापू नका म्हणून सांगितलं, मग कोणाचंच छापलं नाही.

प्रश्न: मी पिंपरीत आयटीत आहे, दोनेक वर्षं ट्रेक करतोय. ऑनलाइन एक सर्व्हायवल किट घेतलं, त्यात वायर सॉ, मासे पकडायचे गळ आणि दोरा, फायर स्टार्टर, बटणाएवढा कंपास, पॅराकॉर्डचं ब्रेसलेट, टॅक्टिकल पेन, सुरी, चंदेरी ब्लँकेट, शिट्टी, टॉर्च असं बरंच काही आहे. सह्याद्रीत पावसाळ्यात एवढं पुरेल का, की अजून काही टाकू?

दादा, अजून टाकायचं राहू दे, आधी त्यातलं अर्धं बाहेर काढा. तो डबा ज्याने कोणी बनवलाय त्याच्या डोळ्यासमोर अलास्का नाहीतर कॅनडाचं जंगल आहे, जिथे वाट चुकली तर लांब लांबपर्यंत वस्ती नाही आणि आठवडाभर कोणी शोधायला येईल याची खात्री नाही, मग तिथे मासे पकड, लाकूड काप, सापळा लाव हे सगळं ठीक आहे. आपल्याकडे तसं होत नाही हो. सह्याद्रीत बहुतेक ठिकाणी सरळ रेषेत दोन-चार किलोमीटरवर एखादी वाडी नाहीतर धनगरवाडा असतोच, फक्त त्या वेळी तिथे पोचता येत नाही. धुकं एवढं की पुढच्याची सॅक दिसत नाही, शेवाळलेल्या कातळावरून पाय सरकून घोटा टम्म सुजलाय, मळलेली वाट सोडून चुकून ढोरवाट धरलीय आणि ती कारवीत संपलीय, सकाळी गुडघाभर होता तो ओढा आता कमरेच्या वर गेलाय आणि सात-सव्वासातला अंधार पडतोय. हे आपलं खरं संकट. शिवदुर्ग मित्र किंवा महाबळेश्वर ट्रेकर्ससारख्या रेस्क्यू टीमची मुलं आपला कामधंदा सोडून मदतीला येतात, पण त्यांनाही निरोप मिळणं, पायथ्याला येणं, रात्रीच्या पावसात वर चढणं आणि तुम्हाला शोधणं याला वेळ लागतोच ना.

म्हणजे किट कशासाठी हवं, तर एका रात्रीसाठी. ती रात्र एका जागी बसून काढता आली पाहिजे, थंडीने गारठून जायचं नाही, आणि शोधणाऱ्याला तुम्ही ऐकू आला पाहिजेत, दिसला पाहिजेत. हे डोक्यात ठेवून डबा उघडला की आपोआप कळतं काय काढायचं. गळ काढा. वायर सॉ काढा, पावसाळ्यात ओलं लाकूड कापून तुम्ही करणार काय? सापळ्याची तार असली तर तीपण काढा, वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे आणि सापळा लावणं म्हणजे सरळ शिकार, तिथे एका रात्रीची भूक हे कारण कोणी ऐकून घेणार नाही. टॅक्टिकल पेनऐवजी साधी शिसपेन्सिल आणि कागद, शाई भिजून पसरते, पेन्सिल नाही पसरत. कंपास नकाशाशिवाय फक्त उत्तर दिशा दाखवतो, आणि तुम्ही उत्तरेला नाही, गावात जायचंय, त्यापेक्षा फोनमध्ये ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा, जीपीएसला रेंज लागत नाही, फ्लाइट मोडवरसुद्धा बहुतेक फोनमध्ये ते चालतं आणि बॅटरीही वाचते.

पॅराकॉर्डचं वेगळं सांगतो कारण याने माणसं मरू शकतात. ती दोरी साधारण 250 किलो वजन पेलते असं लिहिलेलं असतं आणि ते खरंपण असतं, पण ते शांतपणे टांगलेलं वजन. माणूस घसरून झटका बसला, दोरी कातळाच्या कडेवर घासली, की तो आकडा विसरायचा. तिने ताडपत्री बांधा, फाटलेला सॅकचा पट्टा बांधा, मोडलेल्या पायाला काठी बांधा. कडा उतरायला नाही. चार फुटांचा टप्पापण नाही.

आता काय राहू द्यायचं ते. शिट्टी पहिली. आत गोळी नसलेली घ्या, गोळीवाली ओली झाली की अडकते. ओरडून अर्ध्या तासात घसा बसतो, शिट्टी रात्रभर वाजवता येते. पद्धत ठरलेली आहे, एका मिनिटात सहा वेळा म्हणजे दर दहा सेकंदाला एकदा, मग एक मिनिट गप्प बसून कान द्यायचे, मग परत. समोरून मिनिटात तीन वेळा आली तर समजायचं तुम्हाला ऐकलंय. गप्प बसणं महत्त्वाचं आहे, सतत फुंकत राहिलं तर उत्तर ऐकू कसं येणार, त्यात धबधब्याचा आवाज.

दुसरा हेडटॉर्च. डबीत येतो तो किचेनवाला टॉर्च नको, डोक्याला लावायचा घ्या म्हणजे दोन्ही हात मोकळे. एक सेल उलटा घालून ठेवा, नाहीतर पिशवीत बटण दाबलं जाऊन ऐनवेळी बंद पडलेला सापडतो. फोनचा टॉर्च वापरायचा नाही, फोनची बॅटरी 112 या आपत्कालीन नंबरसाठी ठेवायची. आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, तुमच्या सिमला रेंज नसली पण तिथे दुसऱ्या कंपनीचा टॉवर पोचत असेल तरी 112 लागू शकतो. कॉल तुटत असेल तर घरच्यांना एसएमएस करा, क्षणभर रेंज आली तरी तो निघून जातो. त्यात लोकेशनचे आकडे टाका, नुसतं "आम्ही अडकलो" नको.

तिसरं, चंदेरी ब्लँकेट. चांगली वस्तू आहे, 50-60 ग्रॅम वजन, अंगातून बाहेर पडणारी उष्णता परत फेकते, पण वारा सुटला की फडफडतं, काट्यात टरकतं, आणि आपल्याकडे थंडी बर्फाने नाही, ओल्या कपड्यांनी आणि वाऱ्याने वाजते. जुलैत हजार मीटरवर तापमान अठरा-वीस असलं तरी चार तास भिजलेला माणूस वाऱ्यात बसून काकडत काकडत हायपोथर्मियात जाऊ शकतो, म्हणजे अंगातली उष्णता धोक्याच्या खाली उतरते. म्हणून ब्लँकेटच्या जोडीला कचऱ्याची मोठ्यात मोठी काळी पिशवी घ्या, सोसायटीत वापरतात ती जाड. तळाशी चेहऱ्याएवढं भोक पाडायचं, डोक्यावरून घालायची, चेहरा नेहमी बाहेर, आत ब्लँकेट, बुडाखाली सॅक नाहीतर दोरीचं वेटोळं, कारण थंडगार कातळ खालून उष्णता खेचत असतो. दिसायला ध्यान दिसाल पण सकाळी उठून चालाल.

बाकी पटापट सांगतो. चार इंची क्रेप बँडेज एक, निर्जंतुक गॉजची दोन पाकिटं, चिकटपट्टी, ओआरएसची दोन पाकिटं, पॅरासिटामॉल, तुमचं रोजचं औषध असेल तर दोन दिवसांचं. राजगिऱ्याची चिक्की. छोटी घडीची सुरी. शंभर-पन्नासच्या नोटा, डोंगरातल्या वाडीत रेंजच नसेल तर यूपीआय कसलं करताय. एका कागदावर नाव, रक्तगट, कशाची अ‍ॅलर्जी आहे का आणि घरचे दोन नंबर. आणि सोल! कपाटात दोन-तीन वर्षं पडलेले बूट घालून गेलं की मधल्या थराचं रबर कुजलेलं असतं आणि भर उतारावर सोल जबडा उघडतो, हा सह्याद्रीतला सगळ्यात कॉमन अपघात असेल. त्याला सहा-आठ केबल टाय आणि जुन्या एटीएम कार्डावर गुंडाळलेला डक्ट टेप. एवढं सगळं मिळून पॉवर बँक सोडून अर्ध्या किलोच्या आत बसतं.

डबीत न मावणारी एक गोष्ट राहिली. परदेशी व्हिडिओत सांगतात की वाट चुकलात तर पाण्याचा प्रवाह धरून खाली जा, गाव लागतं. आपल्याकडे हे अजिबात करू नका. आपला डोंगर लाव्हाच्या थरावर थर बसून झालाय, पायऱ्यापायऱ्यांचा, म्हणजे जो ओढा इथे सोपा वाटतो तोच पुढे दोनशे फुटांवरून धबधबा होऊन पडतो आणि तोपर्यंत तुम्ही अशा घळीत उतरलेले असता जिथून परत वर येता येत नाही. शेवटची ओळखीची खूण जिथे होती तिथपर्यंत मागे जा, तेपण अंधार किंवा धुक्यामुळे जमत नसेल तर आहे तिथे, ओढ्याच्या पात्रापासून आणि दरडीपासून लांब बसा.

प्रश्न: माझा मुलगा 19 वर्षांचा, कॉलेजच्या ग्रुपबरोबर दर शनिवार-रविवार कुठे ना कुठे जातो. मी काही दिलं की म्हणतो सॅकमध्ये जागा नाही. काय देऊ म्हणजे तो नेईल? (नाशिक)

ताई, सॅकमध्ये देऊच नका. किट अंगावर हवं. फोटो काढायला, पाणी भरायला, कातळटप्पा चढायला ही मुलं सॅक काढून ठेवतात, आणि नेमकं तेव्हाच माणूस एकीकडे आणि सॅक दुसरीकडे असं होतं, सॅक दरीत गेल्याचे प्रकार तर सांगायलाच नकोत. म्हणून कमरेचा छोटा पाउच, नाहीतर कार्गो पँटच्या खिशात मावेल अशी साबणाची प्लास्टिकची डबी, तिला बाहेरून दोन रबरबँड. त्यात टॉर्च, ब्लँकेट, बँडेज, ओआरएस, चिक्की, पैसे, कागद बसतो. शिट्टी गळ्यात. बऱ्याच सॅकच्या छातीवरच्या बकलमध्येच शिट्टी असते, त्याला विचारा तुझ्या सॅकला आहे का, निम्म्या मुलांना माहीतच नसतं.

पण खरं किट तुमच्याकडे राहणार आहे. निघायच्या आधी त्याच्याकडून एका कागदावर लिहून घ्या, कुठला किल्ला, कुठल्या वाटेने वर आणि कुठल्या वाटेने खाली, पायथ्याचं गाव कुठलं, बरोबर कोण, त्यातल्या दोघांचे नंबर, गाडी कुठली, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. ती वेळ त्यालाच ठरवू दे म्हणजे "आई उगाच पॅनिक होते" हे ऐकावं लागणार नाही. वेळ उलटली की 112, आणि पायथ्याच्या गावच्या पोलीस पाटलांना निरोप. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन आहे, तिचा नंबर आजच शोधून फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. मुलांना सांगा, सकाळी जिथे पोहे-चहा घेता त्या हॉटेलवाल्याला तरी सांगून वर जा. त्याला दुपारनंतर गाडी अजून इथेच उभी आहे हे सगळ्यात आधी दिसतं.

प्रश्न: आमच्या वेळी काडेपेटी आणि कापूर एवढंच न्यायचो. आता ही पोरं मॅग्नेशियमच्या कांड्या घासत बसतात. कापूर चालतो की नाही सांगा एकदा. (सातारा)

चालतो काका, पळतो. कापराची वडी ओल्यात पेटते, पाण्यावर तरंगतानासुद्धा जळते, एक वडी चार-पाच काटक्या धरून ठेवायला पुरते. फक्त दोन गोष्टी. कापूर नुसता ठेवला तर हवेत उडून जातो, म्हणून घट्ट झाकणाच्या डबीत ठेवायचा आणि लहान मुलांच्या हाताला लागू द्यायचा नाही, पोटात गेला तर विष आहे. कापूस व्हॅसलीनमध्ये मळून ठेवला तर तोपण तीन-चार मिनिटं सहज जळतो. आणि पेटवायला मॅग्नेशियमच्या कांडीपेक्षा साधा लायटर बरा, एका हाताने पेटतो, दुसरा हात कदाचित दुखावलेला असतो.

आता माझं मत सांगतो, ते तुम्हाला आवडणार नाही. सह्याद्रीत आग ही किटमधली शेवटची वस्तू आहे. पावसाळ्यात लाकूड मिळत नाही, मिळालं तर गुहेत धूर कोंडतो. दिवाळीनंतर गवत वाळतं आणि तेव्हापासून मेपर्यंत एका ठिणगीने अख्खा डोंगर जातो, वणव्यात अडकायची वेळ येईल ती वेगळीच. राखीव जंगलात आग लावणं 1927 च्या भारतीय वन कायद्याखाली गुन्हापण आहे. आणि धुराने इशारा द्यायचा म्हणाल तर आधी वर बघा. कड्याला आग्या मोहळ लटकलेली असतात, धूर गेला की माश्या उठतात, मग रेस्क्यू टीमलाही जवळ येता येत नाही. उग्र परफ्यूम आणि आरडाओरडा यानेही त्या उठतात. उठल्याच तर हात न झटकता तोंड झाकून लांब पळायचं, आणि काटे नखाने पटकन खरवडून काढायचे. सेट्रिझिनची, म्हणजे अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांची, एक पट्टी किटमध्ये असू दे, तिने झोप येते हे लक्षात ठेवून कड्यावर चालताना घेऊ नका. आणि ओठ-जीभ सुजली, श्वास लागला तर गोळीच्या भरवशावर बसायचं नाही, लगेच दवाखाना.

प्रश्न: गडावरच्या टाक्यातलं पाणी स्ट्रॉ फिल्टरने प्यायलं तर चालतं का, की क्लोरीनच्या गोळ्या घेऊ? स्ट्रॉ महाग आहे, स्टुडंट आहे मी. (कोल्हापूर)

गोळ्या घे. सांगतो का ते. स्ट्रॉ फिल्टरची छिद्रं साधारण 0.1 ते 0.2 मायक्रॉनची असतात, त्यात बॅक्टेरिया अडकतात, अमिबासारखे मोठे जंतूपण अडकतात, पण व्हायरस त्याहून कितीतरी लहान, ते आरामात निघून जातात, आणि कावीळ करणारे हिपॅटायटिस ए आणि ई हे दोन्ही व्हायरसच आहेत. क्लोरीन त्यांना मारतं. उलट काही कडक कवचाचे जंतू क्लोरीनला दाद देत नाहीत, ते फिल्टरमध्ये अडकतात, म्हणजे पैसे असतील तर दोन्ही, नसतील तर गोळ्या.

वापरताना टाक्याच्या कडेचं गढूळ पाणी घेऊ नको, ज्या टाक्याचं पाणी गावकरी पितात तेच घे. आधी सुती रुमाल चार पदरी करून गाळ, कारण पाण्यात माती-शेवाळ असेल तर क्लोरीन त्यातच खर्च होतं. मग गोळी टाकून 30 मिनिटं थांब. पाकिटावर नीट वाच, काही गोळ्या एका लिटरच्या असतात आणि काही 20 लिटरच्या, दिसायला सारख्याच. क्लोरीनचा वास येतो म्हणून तोंड वाकडं करू नको, थोडा वास राहिला म्हणजे काम झालंय.

आणि ओआरएस घेताना पण असंच. दुकानात टेट्रापॅकमध्ये गोड सरबतं मिळतात, ती ओआरएस नाहीत. पावडरच्या पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं बघ, 20.5 ग्रॅमचं पाकीट पूर्ण एका लिटरमध्ये. अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट ओतायचं नाही, तब्येत सुधारायच्या ऐवजी बिघडते. एप्रिल-मेमध्ये ट्रेक करणार असशील तर हे आणि तीन-चार लिटर पाणी एवढंच तुझं किट समज, उन्हाळ्यात सह्याद्रीत लोक थंडीने नाही, पाणी संपल्याने जातात.

प्रश्न: स्नेक बाइट किट घ्यावं का? त्यात ब्लेड, रबरी पंप आणि आवळायची पट्टी आहे. (रत्नागिरी)

नका घेऊ. तिन्ही वस्तू नुकसान करतात. ब्लेडने कापलं तर रक्तस्राव आणि जखमेत जंतू, घोणस-फुरशाच्या विषाने तर रक्त आधीच गोठत नसतं. पंपाने विष निघत नाही. पट्टी करकचून आवळली तर हात-पाय काळा पडून कापायची वेळ येते.

आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष चालतं आणि ते दवाखान्यात मिळतं, डबीत नाही. म्हणून अंगठी, बांगड्या, पैंजण लगेच काढा, कारण सूज येणार. चावलेला हात किंवा पाय काठीला सैलसर बांधून हलू देऊ नका, त्यासाठी तुमचं क्रेप बँडेज आहेच. माणसाला चालवू नका, उचलून न्या, 108 ला फोन करा, ग्रामीण रुग्णालयात प्रतिविष आहे ना हे फोनवरच विचारून घ्या आणि वाजले किती ते कागदावर लिहा. साप मारायला किंवा पकडायला जाऊ नका, डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतात. मण्यार रात्री झोपेत चावते आणि दुखत नाही, त्यामुळे गडावरच्या देवळात झोपलेला कोणी पहाटे पापण्या उघडेनात, पोट दुखतंय म्हणाला तर अ‍ॅसिडिटी समजून थांबू नका. देवळात झोपताना टॉर्च उशाशी आणि बूट झटकून घालायचे. मांत्रिकाचं नाव काढणाऱ्याला गाडी बोलवायच्या कामाला लावा.

प्रश्न: मी कॅलिफोर्नियात असतो, डिसेंबरमध्ये घरी येतोय, भावाबरोबर अलंग-मदन-कुलंग करायचंय. माझ्याकडे सॅटेलाइट मेसेंजर आहे, एसओएस बटणवालं. इथे सगळे हायकर ते नेतात. आणलं तर चालेल ना?

अजिबात आणू नका. भारतात सॅटेलाइट फोन आणि असे मेसेंजर दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा आहे, वापरणं तर सोडाच. डिसेंबर 2024 मध्ये गोव्यात विमानतळावर परदेशी प्रवाशांच्या सामानात असं यंत्र सापडलं आणि पोलीस केस झाली, त्या बिचाऱ्यांना नियमच माहीत नव्हता. तुमचा मराठी पासपोर्ट, सॉरी, मराठी आडनाव तिथे उपयोगी पडणार नाही. फोनमधलं सॅटेलाइट एसओएसही ठरावीक देशांतच चालतं, त्या भरवशावर कड्यावर जाऊ नका.

त्याऐवजी तिकडून चांगला वॉटरप्रूफ हेडटॉर्च, गोळीविना शिट्टी आणि हलकी बिव्ही बॅग (आत शिरून झोपायची वॉटरप्रूफ पिशवी) आणा. लायटर सामानात टाकू नका, इकडच्या विमानात ना केबिनमध्ये चालतो ना चेक-इनमध्ये, पॉवर बँक केबिनमध्येच, सुरी चेक-इनमध्येच. आणि अलंग-मदनच्या टप्प्यांना दोर लागतात, शिकलेली माणसं लागतात. भावाने फक्त कळसूबाई केलं असेल तर त्याला एकट्याला लीडर करू नका, गावातला वाटाड्या घ्या. त्याच्याकडे सॅटेलाइट नसतो पण त्याला दिवसा-रात्री दोन्ही वेळी वाट दिसते.

प्रश्न: मी ट्रेक वगैरे करत नाही, रोज डोंबिवली ते सीएसएमटी करते. पावसात लोकल बंद पडली की जीव जातो. पर्समध्ये मावेल असं काही सांगाल?

ताई, खरं तर तुमच्यासारख्यांनाच किट जास्त लागतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा लाखो लोकांनी रात्र ऑफिसात, स्टेशनवर, लोकलच्या डब्यात काढली नाहीतर रुळांवरून चालत घर गाठलं, आणि त्यात डोंगरात जाणारं कोणीच नव्हतं.

पर्समध्ये 5000 एमएएचची पॉवर बँक आणि बोटभर केबल, पेन्सिल सेलचा छोटा टॉर्च, शिट्टी (गर्दीत आणि अंधारात दोन्हीकडे कामाची), चिक्की, ओआरएस, एका दिवसाची औषधं, दोन पॅड, सुट्ट्या नोटा आणि चार नंबर कागदावर, कारण फोन बंद पडला की नवऱ्याचासुद्धा नंबर आठवत नाही अशी आपली आजची परिस्थिती आहे. सगळं झिपवाल्या पिशवीत. पावसाळ्यात ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक ड्रेस आणि पट्टा असलेली सँडल ठेवा, स्लीपर पाण्यात पायातून निघून जाते.

पाण्यातून चालायची वेळ आलीच तर छत्री मिटून काठीसारखी पुढे टेकवत चाला, उघडं मॅनहोल पाण्याखाली दिसत नाही. रुळांवर मोटरमन-गार्डने सांगितल्याशिवाय उतरू नका. ऑफिसच्या कॅबने येत असाल तर काच फोडायची छोटी किचेन हातोडी ठेवा, 2005 च्या त्या पावसात दारं लॉक होऊन लोक गाडीतच गुदमरले होते. बाजूच्या खिडकीच्या कोपऱ्यात मारायची, समोरच्या काचेवर नाही, ती दोन थर चिकटवलेली असते आणि फुटून मोकळी होत नाही. घरी आल्यावर पाय साबणाने धुवा, आणि पायाला जखम असताना त्या पाण्यातून आला असाल तर 72 तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होऊ नये म्हणून ते गोळी देतात, ताप येईपर्यंत थांबायचं नाही.

प्रश्न: किट एकदा भरलं की किती दिवस टिकतं? (पनवेल)

वर्षातून दोनदा उघडा, मेच्या शेवटी आणि दिवाळीच्या साफसफाईत. सेल गळलेत का, ओआरएस आणि गोळ्यांची तारीख, चिकटपट्टी अजून चिकटते का, क्रेपचं इलॅस्टिक सैल झालंय का, कापूर उडून गेलाय का, एवढं बघायचं. चिक्की बहुतेक वेळा घरच्यांनी खाल्लेली असते, ती नवीन टाका. औषधं गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका. आणि एकदा रात्री घरातले दिवे घालवून, एकच हात वापरून डबी उघडता येते का, टॉर्च लागतो का करून बघा. ब्लँकेट मात्र उघडून बघू नका, त्याची घडी परत तेवढी होत नाही, सवयीसाठी एक स्वस्तातलं वेगळं घ्या.